शाळा कुठे झाली?

पुण्यातल्या आमच्या भाषांतर संस्थेत एखाद्या यंत्राचं मॅन्युअल चिनीत न्यायचं काम आलं की माझा पहिला फोन ग्राहकाला जातो. वाचणारा कुठला, हे आधी कळायला हवं. चीन आणि सिंगापूरमध्ये सरलीकृत लिपी चालते. तैवान, हाँगकाँग, मकावमध्ये पारंपरिक. नुसती लिपी बदलूनही भागत नाही, तांत्रिक शब्दसुद्धा बदलतात.

मग प्रोझसारख्या संकेतस्थळावर काम टाकायचं. अर्ज भराभर येतात आणि बहुतेकांत ‘मातृभाषा चिनी’ असं लिहिलेलं असतं. पण ग्वांगचौचा माणूस घरी कँटनीज बोलतो, शांघायचा वू. लिहितात मात्र दोघंही शाळेत शिकलेली प्रमाण चिनी. म्हणून मी शालेय शिक्षण कुठे झालं ते विचारते. लिहिता हात तिथे तयार होतो. दुसऱ्याचा बायोडेटा उचलून पाठवणारेही या धंद्यात आहेत, त्यामुळे अर्जावरचा ईमेल पत्ता मूळ प्रोफाइलशी ताडून पाहावाच लागतो. संपर्काचीही अडचण असते. चीनमध्ये जीमेल बंद, आपल्याकडे २०२० पासून वुईचॅट बंद. शेवटी तिकडच्या ईमेल सेवांवरच पत्रव्यवहार चालतो.

खरी पारख चाचणीत होते. मी अर्ध्या पानाचा मजकूर देते: एक सुरक्षासूचना, सुट्या भागांची यादी आणि एक मोठी रक्कम. चिनीत मोजणी दहा हजारांच्या एककाने होते, त्याला ‘वान’ म्हणतात. आपले साडेबारा लाख तिथे १२५ वान होतात. घाईत शून्य चुकलं की लगेच दिसतं. यादीत दोन वस्तूंमध्ये येणारा स्वल्पविराम वेगळा असतो, थेंबासारखा तिरपा. चिनीत रोज लिहिणाऱ्याच्या हातून तो आपसूक पडतो. सुरक्षासूचनेचा निकाल मात्र मी एकटी देत नाही. ती तिकडच्याच दुसऱ्या अनुभवी भाषांतरकाराकडे तपासायला जाते. आयएसओ १७१०० या मानकातही दुसऱ्या व्यक्तीने तपासणं सक्तीचं आहे, आणि खर्च वाचवायला अनेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

चाचणी फुकट मागितली की हातात काम असलेला चांगला माणूस उत्तरच देत नाही. उरतात ते रिकामे. ज्यांना चिनी भाषांतरकार हवेत त्यांना माझी एकच विनंती आहे: चाचणीचे पैसे द्या, आणि ते पहिल्याच पत्रात सांगा.