तक्रार कोणाकडे करायची?

१ मार्च २०१८ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी काउन्सिलने आपल्या मालकीच्या नऊ हजारांहून जास्त भाड्याच्या घरांचा कारभार पुन्हा स्वतःकडे घेतला. १९९६ पासून तो टीएमओ, म्हणजे ‘टेनंट मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन’, नावाच्या स्वतंत्र कंपनीकडे होता. नाव भाडेकरूंचं, संचालकांत रहिवासीही होते. आपल्या घरांचा कारभार आपणच बघावा ही मूळ कल्पना चांगलीच होती. पण १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर याच कंपनीच्या देखभालीतला चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसं गेली. त्यांत १८ मुलं होती.

टॉवरला बाहेरून लावलेल्या आवरणाबद्दल, म्हणजे क्लॅडिंगबद्दल, पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्या इमारतीतल्या दारांबद्दल लिहायचं आहे. घराच्या मुख्य दाराला वर एक डोअर क्लोजर असतो. आग लागली की माणूस दार उघडं टाकून पळतो. क्लोजर ते मागून लावून घेतो आणि धूर घरातच कोंडून राहतो. एकच जिना असलेल्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवरच्या लोकांचा जीव या एवढ्याशा वस्तूवर असतो. ग्रेनफेलमधल्या कित्येक दारांचे क्लोजर मोडलेले होते किंवा काढून टाकलेले होते. हे अचानक कळलं असंही नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये याच कंपनीच्या अडेअर टॉवरला आग लागली, तेव्हा अग्निशमन दलाने नोटीस देऊन क्लोजर बसवायला लावले होते. बाकीच्या इमारतींसाठी मात्र पाच वर्षांचा कार्यक्रम आखला गेला. काउन्सिलने तो मान्य केला.

म्हणून सगळं खापर कंपनीवर फोडून काउन्सिलला मोकळं सोडणं मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालानेही काउन्सिलची देखरेख कमकुवत असल्याचं म्हटलं. वारंवार तक्रार करणारे रहिवासी कंपनीला उपद्रवी वाटत होते, हेही त्यातच आहे. हे वाचताना फार वाईट वाटतं. धोका आधी त्यांनाच दिसला होता.

मुळात इंग्लंडमध्ये अशा कंपन्या एवढ्या वाढल्या कशा? २००० नंतर मोडकळीला आलेली काउन्सिलची घरं दुरुस्त करायला सरकारने मोठा पैसा काढला, पण कारभार वेगळ्या कंपनीकडे दिला तरच ज्यादा निधी, अशी मेख मारून ठेवली. लंडनमधल्याच कॅम्डेनच्या भाडेकरूंनी २००४ मध्ये मतदान करून याला साफ नकार दिला आणि त्या पैशावर पाणी सोडलं. त्यांच्या हिमतीला दाद द्यायला हवी. २०१२ मध्ये भाड्याचा पैसा काउन्सिलकडेच ठेवण्याची पद्धत आली, तोवर सरकारचा तो निधीही आटत आला होता. मग वेगळी कंपनी कशाला, असा प्रश्न ठिकठिकाणी उभा राहिला. शेफील्ड आणि लीड्सने २०१३ मध्ये घरं परत घेतली, पुढे हॅकनी, हॅरिंगे, न्यूकॅसल यांनीही.

घरं परत घेणं योग्यच होतं, असं माझं मत आहे. छत गळलं तर निवडून दिलेल्या नगरसेवकाला गाठता यावं; त्याने कंपनीकडे बोट दाखवू नये. पण तेवढ्याने छत गळायचं थांबत नाही. क्रॉयडनमधल्या रेजिना रोडच्या इमारती थेट काउन्सिलच्याच ताब्यात होत्या. मार्च २०२१ मध्ये टीव्हीवर तिथली घरं दिसली: भिंती बुरशीने काळ्या पडलेल्या, छतातून पाणी ठिबकतंय. तक्रारी काउन्सिलकडे आधीच पोचलेल्या होत्या, फक्त कोणी दाद घेतली नव्हती.

त्याच्या आदल्या डिसेंबरात रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा बुरशीने भरलेल्या घरात राहून आजारी पडला आणि गेला. ते घर काउन्सिलचं नव्हतं, एका गृहनिर्माण संस्थेचं होतं. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. घरात जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत तो दूर करायचा आणि गंभीर ओलीची तक्रार आली की कामकाजाच्या दहा दिवसांत तपासणी करायची. काउन्सिल आणि संस्था, दोघांनाही तो सारखाच बंधनकारक आहे.