मावळचा ठेवा (लेखांक ६) : पारावरचे वीर

गेल्या आठवड्यात आपण राजगडावर होतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. त्याचे नकाशे झाले, मोजमापं झाली. पण गड उतरून वेल्ह्याच्या किंवा भोरच्या खोऱ्यांतल्या गावांत शिरलं, की पारावर, देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधाला टेकलेला एखादा कोरीव दगड दिसतो. त्याची नोंद बहुधा कुठेच नसते. आजचा लेखांक त्याच्यासाठी.

हा दगड म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा. त्यावर बहुतेक वेळा तीन-चार चौकटी असतात. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, किंवा ढाल-तलवार घेऊन झुंजणारा. शेजारी गाई कोरल्या असतील, तर तो गावचं गोधन राखताना पडला असं समजावं. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गी नेतात. त्याच्याही वर तो पिंडीची पूजा करतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहील, हा त्याचा अर्थ. जवळच कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर ती सतीशिळा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. वीराचं नाव नाही, साल नाही. मग अभ्यासक वेश, शस्त्रं, कोरण्याची धाटणी पाहतात आणि सगळ्यांत आधी विचारतात: हा दगड मिळाला कुठे? घाटवाटेच्या तोंडाशी, जुन्या गावठाणात, की नदीच्या उताराजवळ? मुक्या दगडाची अर्धी साक्ष त्याच्या जागेत असते. म्हणून जीर्णोद्धाराच्या वेळी तो उचलून ओट्याच्या बांधकामात बसवला, की दगड राहतो आणि साक्ष जाते. तैलरंगाचे थर चढले, की कोरीव रेषा बुजतात. हे सगळं भक्तिभावानेच होतं, म्हणून त्यावर रागावून उपयोग नाही. गावाशी बोलावं लागतं.

नोंदीचं मोल किती, ते भोरनेच दाखवलंय. राष्ट्रकूट राजा ध्रुव याचा शके ७०२चा, म्हणजे इ.स. ७८०चा ताम्रपट भोर संस्थानच्या संग्रहालयात होता. अ. स. आळतेकरांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापला, म्हणून आज जगात कुठेही बसून तो अभ्यासता येतो. ताम्रपट पेटीत ठेवता येतो. वीरगळ मात्र जागीच राहायला हवा. त्याची नोंद आपण त्याच्यापाशी जाऊन करायची.

त्यासाठी पदवी लागत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या; भर दुपारी कोरीवकाम सपाट दिसतं. शेजारी मोजपट्टी ठेवा. उंची, रुंदी, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आसपास काय आहे, गावकरी त्याला काय म्हणतात, हे लिहा. खडू, तेल, पाणी लावू नका, घासू नका, हलवू नका. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे.

आणि वेळ दवडू नका. उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी ओसरलं, की वेळवंडीच्या पात्रातलं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. चिऱ्यांना हात लावता येतो, गाभाऱ्यात वाकून जाता येतं. मोजून थोडे आठवडे मिळतात. पाऊस लागला की ते पुन्हा पाण्याखाली जातं. कांबरेश्वर पुढच्या उन्हाळ्यात परत दिसेल. पारावरचा वीर एकदा सिमेंटखाली गेला, की त्याच्यासाठी असा उन्हाळा उगवत नाही. या रविवारी आपल्या गावच्या पारापासून सुरुवात करा.

(पुढील लेखांकात : मढे घाट आणि उपांड्या, कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा)