खारबांधावरील खेकडे : औषध टाकण्यापूर्वी ओळख पटवा

खारबांधाला भोके दिसली की सरसकट विषारी औषध टाकण्याची घाई केली जाते. त्यात खाडीकाठच्या चिखलात दिसणारा, एकच नांगी अवाढव्य असलेला चिमुकला खेकडा नाहक मरतो. शास्त्रीय नाव ऑस्ट्रुका अ‍ॅन्युलिपेस. जुन्या पुस्तकांत ऊका अ‍ॅन्युलिपेस. पाठीची रुंदी साधारण २ सें.मी. मोठी नांगी फक्त नराला असते. ती हलवून तो मादीला बोलावतो. खाण्यासाठी तिचा काहीच उपयोग नाही. लहान नांगीने चिखल तोंडात घालून त्यातील शेवाळ व कुजके कण तो वेगळे करतो आणि उरलेल्या मातीच्या गोळ्या बाहेर टाकतो. भाताची रोपे तो तोडत नाही. उलट त्याच्या बिळांतून तिवरांच्या मुळांशी हवा पोहोचते, आणि तिवरांचा पट्टा लाटांचा मार बांधाआधी झेलतो.

या खेकड्याचे बीळ बोटाएवढे, फारसे खोल नसते. बांध पोखरणारी मोठी बिळे बहुधा चिंबोरीची. ती पकडावी, कालवणही होते! गळके बीळ ओहोटीच्या वेळी शेवटपर्यंत खणून चिकण माती थराथराने ठोकून भरावी. औषध मात्र टाकू नये. ते उघाडीतून खाडीत उतरते आणि कोळंबी, मासळी मारते.