आधी तीच गिटार पुन्हा वाजवा

मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, दोन सॅम्पल्सची तुलना करायची तर प्रत्येकाची रीडिंग्ज किती घ्यायची? तीन की पाच?" प्रश्न साधा वाटतो. पण मी याचं उत्तर शिकले ते पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, आणि तेही एका गिटारीपायी. थोडी लाज वाटते, पण सांगते.

माझा चुलत भाऊ न्यू जर्सीत असतो. दादा गेली बारा वर्षं नोकरी सांभाळून जॅझ गिटार शिकतोय. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा त्याने ठरवलं की आता एक चांगली आर्चटॉप घ्यायची. आर्चटॉप म्हणजे जिची वरची फळी सपाट नसून व्हायोलिनसारखी फुगीर असते ती गिटार. इंग्रजी एफ अक्षरासारखी दोन भोकं असतात, आणि ब्रिज, म्हणजे आपल्या सतारीची घोडी, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबाने जागेवर बसतो. गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ काढली तेव्हा तिचा विजेशी संबंध नव्हता. १९३६ मध्ये त्याच कंपनीची पिकअपवाली ईएस-१५० आली, चार्ली ख्रिश्चनने ती गाजवली, आणि बँडच्या गोंगाटात हरवणारी गिटार एकदम पुढे येऊन बसली.

दादाच्या यादीत शेवटी दोन जुन्या गिटारी उरल्या होत्या. एक एल-५ सीईएस, म्हणजे एल-५ चं १९५१ पासूनचं इलेक्ट्रिक रूप: स्प्रूसच्या अखंड लाकडातून कोरलेली वरची फळी, १७ इंच रुंद अंग, तारेची लांबी साडेपंचवीस इंच. वेस माँटगोमेरीची गिटार ती हीच. दुसरी ईएस-१७५, हे मॉडेल १९४९ चं. तिची फळी कोरलेली नसते. मेपलचे पातळ थर चिकटवून साच्यात दाबलेले असतात, म्हणजे सरळ बोलायचं तर उत्तम प्रतीचं प्लायवूड. अंग १६ इंच, तारेची लांबी पावणेपंचवीस. प्लायवूड म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण जो पासने याच मॉडेलवर आयुष्यभराचं काम केलं.

दादाला सांगितलेल्या किमतीत एल-५ जवळपास दुप्पट होती. फरकाच्या पैशात आपल्याकडे एक सेकंडहँड गाडी आली असती. आणि मी पडले कंपनांवर पीएचडी करणारी. त्यामुळे एका रविवारी त्याने तीन ऑडिओ फाईली पाठवल्या आणि लिहिलं, "तू यातली तज्ज्ञ. काय वाटतं ते सांग."

असं कोणी म्हटलं की माणूस फुगतो. मी तिन्ही फाईलींचे स्पेक्ट्रम काढले, आलेख रंगवले, दोन पानी अहवाल लिहिला. पहिली फाईल एल-५, दुसरी १७५, आणि तिसरी? बोलता बोलता त्याने मध्यंतरी हेरिटेज कंपनीच्या एका गिटारीचंही नाव घेतलं होतं, तेव्हा मी धरून चालले की तिसरी तीच. अहवालात मी ठणकावून लिहिलं की तिसरी गिटार पहिलीहून स्पष्टपणे वेगळी आहे, वरचे स्वरांश दबलेले आहेत, लाकूड बहुधा जास्त ऊर्जा खातंय, घेऊ नये.

दादाचा फोन आला. "अगं, पहिली आणि तिसरी एकच गिटार आहे. पहिल्या वेळी फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून पुढच्या शनिवारी जाऊन परत रेकॉर्ड केली."

मी आलेख परत बघितले. एल-५ आणि १७५ यांच्यात जेवढा फरक दिसत होता, त्याहून जास्त फरक एल-५ आणि एल-५ यांच्यात होता.

इथे थोडं थांबा, कारण सगळा मुद्दा याच वाक्यात आहे. दोन वस्तूंमध्ये मोजलेला फरक मोठा की लहान हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही. एकच वस्तू दोनदा मोजली तर किती फरक येतो, त्याच्याशी ताडून बघितलं तरच कळतं. तो फरक मोजलेला नसेल तर तुमच्याकडे फक्त दोन फाईली आहेत, तुलना नाही.

मग एका आठवड्यात गिटार बदलली कशी? ती बदलली नव्हती. दरम्यान दुकानात दहा जणांनी ती वाजवली असणार, आणि हाताच्या घामाने तारांचा वरचा झगमगाट सगळ्यात आधी जातो. अँप दुसरा होता. फोन टेबलावर वेगळ्या जागी होता, आणि फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत राहतो. त्यातही आवाजाची पातळी हा सगळ्यात लबाड घटक. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. त्यामुळे तीच गिटार जरा मोठ्याने वाजवली की "भरदार" वाटते. दुकानात ज्या गिटारीच्या वेळी अँपचं बटण थोडं पुढे असतं, ती गिटार "जिवंत" ठरते.

दुसरी फेरी आम्ही शहाण्यासारखी केली. दुकानाने अनामत घेऊन एल-५ चार दिवस घरी नेऊ दिली, आणि १७५ चा मालक भला माणूस निघाला, तो स्वतःच दादाच्या बेसमेंटमध्ये घेऊन आला. दोन्हींना एकाच पाकिटाच्या जातीच्या नव्या फ्लॅटवाउंड तारा, एकच अँप, बटणांवर चिकटपट्टी, एकच पिक, एकच आठ मात्रांचा तुकडा.

आणि आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. दादा म्हणाला, "प्रत्येकी पाचदा वाजवतो." मी म्हटलं, पाचदा वाजव, पण दर वेळी गिटार खाली ठेव, वायर काढ, उठ, परत बस, परत वायर लाव. तो वैतागला. पण एकदा मांडीवर घेतलेली गिटार सलग पाचदा वाजवली तर ती पाच रीडिंग्ज नसतात, एकाच रीडिंगच्या पाच झेरॉक्स असतात. बसण्याची पद्धत, हाताचा कोन, मायक्रोफोनपासूनचं अंतर, सगळं पाचही वेळा तेच. आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात की खोटा आत्मविश्वास वाटायला लागतो. म्हणून तीन की पाच यापेक्षा मोठा प्रश्न असा, की दोन रीडिंग्जच्या मध्ये तुम्ही काय काय मोडून पुन्हा मांडलं?

गिटारींचा क्रमही दादाने ठरवायचा नाही असं ठरलं. वहिनी दर वेळी नाणं उडवायची.

डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. व्हायोलिनवर हे झालंय. क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी इंडियानापोलिसला २१ वादकांना काळे गॉगल लावून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची होती. घरी न्यायला कुठलं आवडेल, या प्रश्नावर २१ पैकी १३ जणांनी नवं निवडलं. हा पेपर २०१२ चा, आणि प्रयोगाची आखणी कशी लिहावी हे शिकायला उत्तम. गिटारीवरही २०१८ मध्ये एक काम आलं: सहा सपाट फळीच्या गिटारी, फक्त मागच्या-बाजूच्या लाकडात फरक, ५२ वादक. महागडं ब्राझिलियन रोझवूड आणि स्वस्त लाकडं यांना मिळालेले गुण जवळजवळ सारखेच निघाले.

दादाने हे वाचून लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे लाकडाने फरक पडत नाही!" असं तो पेपर म्हणत नाही. तिथे वरची फळी सगळ्यांची एकाच प्रकारची होती, आणि आवाजाचा मोठा भाग वरची फळीच ठरवते. आमचा प्रश्न नेमका वरच्या फळीचा होता. दुसऱ्याच्या पेपरचा निष्कर्ष आपल्या प्रश्नाला चिकटवण्याआधी, त्यांनी काय स्थिर ठेवलं होतं ते बघावं लागतं.

शिवाय आमच्या गिटारींच्या बाबतीत वादकाचे डोळे बांधून उपयोग नव्हता. १७ इंच आणि १६ इंच हा फरक अंधारात मिठी मारूनही कळतो. तारेची लांबी वेगळी असल्यामुळे त्याच तारा त्याच स्वराला लावल्या तर एल-५ वर ताण सुमारे सहा टक्के जास्त येतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. बोटांना ते समजतं. म्हणून आम्ही प्रश्न दोन केले: ऐकणाऱ्याला फरक कळतो का, आणि वाजवणाऱ्याला कुठली हवी. पहिल्यासाठी पुण्यात बसलेली मी, पातळी सारखी केलेल्या फाईली, नावं झाकलेली. दुसऱ्यासाठी डोळे उघडे ठेवलेला दादा.

अँपशिवाय वाजवलेल्या फाईलींत मी १० पैकी १० ओळखल्या. कोरीव फळीचा आवाज मोकळा येतो, शंकाच नाही. अँपमधून आलेल्या फाईलींत १० पैकी ७. मी खूश झाले, मग कागद घेतला. काहीच ऐकू येत नसताना नुसत्या अंदाजाने १० पैकी ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते. ९ किंवा जास्त आल्या असत्या तर ती जेमतेम एक टक्का. याचा अर्थ अँपमधून फरक नाही असा नाही. दहा फाईलींत मला तो सिद्ध करता आला नाही, एवढाच. आणि असं होण्याचं कारणही पटण्यासारखं आहे. बारावीचा फॅरेडेचा नियम आठवा: पिकअप तारेची हालचाल पकडतो, हवेतला आवाज नाही. फळीचा प्रभाव तिथे पोचतो तो मुख्यतः ब्रिजमधून तारेची किती ऊर्जा ती ओढून घेते, त्यातून.

मोठ्या आवाजात मात्र फरक उलट्या बाजूने दिसला. अँप वाढवला की एल-५ घुमायला, मग हुंकारायला लागायची. हलकी कोरीव फळी अँपचा आवाज परत पकडते. १७५ शांत राहिली.

दादाचं काय? चाचणीआधी मी त्याच्याकडून निकष लिहून घेतले होते. पाचपैकी चार आवाजाबद्दल होते. चौथ्या दिवशी तो म्हणाला, एल-५ मांडीवर घेतली की उजवा खांदा वर उचलावा लागतो आणि तासाभरात दुखतो. हा निकष यादीत नव्हता. मी तो वेगळ्या रंगात लिहिला, आधीचा नव्हे, नंतर सुचलेला म्हणून. त्याने १७५ घेतली.

त्या सोमवारी मी लॅबमध्ये माझी वही उघडली. माझ्या प्रत्येक पट्टीची पाच रीडिंग्ज होती, पाचही एकदाच क्लॅम्प करून घेतलेली. सरांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काढून परत लावून बघ." लावून बघितलं, तर विचलन तिपटीहून जास्त आलं, आणि ज्या दोन पट्ट्यांमधल्या फरकावर माझं एक अख्खं प्रकरण उभं होतं तो फरक त्यात बुडाला. तीन महिन्यांचं काम परत केलं. चारपैकी दोन निष्कर्ष टिकले.

सध्या दादा राउंडवाउंड तारांच्या मागे लागलाय. परवा त्याने दोन फाईली पाठवल्या आणि विचारलं, कुठली बरी? मी अजून ऐकलेल्या नाहीत. तिसरी कुठे आहे, एवढंच विचारलंय.