जालन्यात आधी मत, मग कारखाना

नॉर्वेत १८१४ साली संविधान झाले. पण सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला तो १८९८ मध्ये आणि स्त्रियांना १९१३ मध्ये. तोवर कारखाने उभे राहिले होते आणि कामगार संघटित झाले होते. जालन्यात हा क्रम उलटा दिसतो. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत इथल्या स्त्री-पुरुषांनी एकदमच मतदान केले. बद्रीनारायण बारवाले यांची ‘महिको’ बियाणे कंपनी त्यानंतर, १९६४ मध्ये आली. पुढे लोखंडी सळयांचे कारखाने वाढले. त्यांच्या भट्ट्यांपुढे राबणाऱ्या कितीतरी परप्रांतीय मजुरांचे नाव मात्र आजही गावाकडच्याच मतदारयादीत असते. मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. ज्या शहराचे पोलाद ते घडवतात, तिथल्या पाणी-रस्त्यांच्या निर्णयात त्यांचा आवाज नसतो.