उंबऱ्याची पातळी

पंचगंगेचा पूर कोल्हापूरला नवा नव्हे; परंतु २००५ सालची पाण्याची खूण हीच अखेरची मर्यादा, ही समजूत २०१९ साली अनेक घरांना भोवली. त्या वर्षी आणि पुन्हा २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावरील पातळी ५५ फुटांपलीकडे गेली. तेथे ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका मानतात. मात्र त्यांपैकी कितव्या फुटाला पाणी आपल्या उंबऱ्याला लागते, याची नोंद किती घरांत असते? चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत जनावरांपायी माणसांचा पाय घरातून निघत नाही आणि तोवर रस्ता पाण्याखाली जातो. म्हणून जनावरे, वैरण व कागदपत्रे इशारा-पातळीलाच हलविणे हिताचे. शिक्षकांनी पावसाळ्यापूर्वी मुलांकडून उंबऱ्याचा हा आकडा घरच्या भिंतीवर लिहवून घेतला, तरी निम्मे काम होईल.