यंत्रदृष्टीची हमी

दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी वर्षानुवर्षे झिजत जातात. आरंभी रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टीचे क्षेत्र चहूबाजूंनी आकुंचन पावते आणि कित्येकांना अखेरीस दिवसरात्रीचा भेदही पुरतेपणी कळेनासा होतो. परंतु या पेशी नष्ट झाल्या तरी त्यांच्यालगतच्या मज्जापेशींपैकी पुष्कळशा जिवंत राहतात, आणि त्यांना विजेचा सूक्ष्म स्पर्श होताच प्रकाशाचा ठिपका दिसल्याचा प्रत्यय मेंदूला येतो. याच शरीरधर्माच्या आधारे कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीने ‘आर्गस-२’ हे उपकरण सिद्ध केले. चष्म्यावरील कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो, कमरेला अडकविलेले यंत्र त्याचे संकेत बनविते, आणि ते बिनतारी मार्गाने डोळ्यात पोहोचून दृष्टिपटलावर टाचलेल्या ६० विद्युदग्रांना चेतवितात.

निसर्गाने जेथे दहा कोटींहून अधिक पेशी योजिल्या, तेथे हे ६० ठिपके! ना रंग, ना चेहरा. डोके सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवीत राहावे, तेव्हा काळ्या मेजपोशावरची पांढरी बशी किंवा दाराची चौकट लुकलुकून जाते. तथापि कित्येक वर्षे अंधारात काढलेल्या मनुष्यास दाराची उभी कड आपली आपण सापडावी, ही प्राप्ती मी मोठीच मानतो.

युरोपात २०११ साली व अमेरिकेत २०१३ साली उपकरणास मंजुरी मिळाली. सुमारे दीड लाख डॉलर किमतीचे हे यंत्र जगभरात साडेतीनशेंच्या आसपास लोकांनी बसवून घेतले. पण २०१९ मध्ये कंपनीने ते बनविणे थांबविले, आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर दिवाळे निघण्याची पाळी आली. डोळ्यातले यंत्र डोळ्यातच राहिले. ते बिघडल्यास दाद मागण्याचे ठिकाण मात्र नाहीसे झाले. एका रुग्णास एमआरआय तपासणीसाठी आवश्यक असलेली माहितीदेखील कंपनीकडून मिळेना. अशीच यंत्रे बनविणारी जर्मनीतील रेटिना इम्प्लांट ही कंपनीही २०१९ मध्येच बंद पडली.

वार्धक्यात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्यांसाठी स्टॅनफर्डचे डॅनियल पॅलंकर यांच्या कल्पनेतून ‘प्रिमा’ निर्माण झाले. दोन मिलिमीटरची, ३७८ बिंदूंची ही चकती दृष्टिपटलाखाली बसते. चष्म्यातून येणारे अवरक्त किरण तिला ऊर्जा आणि दृश्य दोन्ही पुरवितात, त्यामुळे तारेची गरजच राहत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चकती बसविल्यावर वर्षभराने तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांच्या अक्षरवाचनात लक्षणीय सुधारणा झाली. हे यश निःसंशय थोर आहे. पण प्रिमाची मूळ पॅरिसची कंपनीही आर्थिक डबघाईला आली होती, आणि २०२४ मध्ये सायन्स कॉर्पोरेशनने तिची मालमत्ता घेतली म्हणून काम पुढे चालले. यास्तव अशा उपकरणास मंजुरी देतेवेळीच त्याचे आराखडे व संगणकीय आज्ञावली सरकारी दफ्तरी अनामत ठेवून घ्याव्या, आणि रुग्णाच्या हयातीपर्यंतच्या दुरुस्तीची रक्कम कंपनीच्या जमाखर्चाबाहेर स्वतंत्रपणे राखून ठेवण्याची अट घालावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.